२०० एचपीच्या बाइकला ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) खरंच लागतं का, की नुसती पॉवर पुरे?

लागतं, कारण ताशी १०० किमीच्या आत ती पॉवर पूर्ण वापरताच येत नाही. साधा भौतिकशास्त्राचा हिशोब आहे. बाइक आणि रायडर मिळून २८० किलो धरा. प्रवेग १ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाच्या, आसपास गेला की पुढचं चाक उचलायला लागतं किंवा मागचं घसरतं. ताशी १०० किमीला एवढ्या प्रवेगासाठी चाकापाशी साधारण १०० एचपी पुरते. उरलेली टायर जाळायला! हेही सरळ रस्त्यावर. बाइक वळणात झुकली की पकडीचा मोठा वाटा बाजूच्या बळातच खर्ची पडतो. २०१५च्या यामाहा आर१मध्ये सहा अक्षांचा आयएमयू (बाइकचा झुकाव आणि हालचाल मोजणारा सेन्सर) आला तो म्हणूनच: बाइक किती झुकलीय हे कळल्याशिवाय किती ताकद सोडायची ते ठरणार कसं? मागचं चाक पुढच्यापेक्षा फार जोरात फिरलं की ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) थ्रॉटल आणि इग्निशन आवरतो. डॅशवरचा दिवा लुकलुकतो, एक्झॉस्ट अडखळल्यासारखा वाजतो, आणि तुम्ही सीटवरच असता. ताशी २००च्या पुढे मात्र हवेचा विरोध एवढा वाढतो की प्रत्येक एचपी कामी येते.

एक लक्षात ठेवा, इलेक्ट्रॉनिक्स नवीन पकड तयार करत नाही, आहे तेवढीच जपून वापरते. थंड टायर, वळणावर सांडलेलं डिझेल, पहिल्या पावसातला घाट, इथे पुढचं चाक निसटलं तर ट्रॅक्शन कंट्रोलच्या हातात काहीच नसतं.