कमरेचं हत्यार बाहेर येईपर्यंत

(परवानाधारक शस्त्र आणि स्वसंरक्षण या विषयावरच्या वाचकांच्या प्रश्नांना पोलीस खात्यातले एक निवृत्त शस्त्र-निदेशक या सदरातून उत्तरं देतात.)

प्रश्न : तासगाव भागात माझा पेट्रोलपंप आहे. दिवसाची रोकड संध्याकाळी मीच गाडीतून बँकेत नेतो. स्वसंरक्षणाच्या परवान्यावर .३२चं कानपुरी रिव्हॉल्व्हर घेतलंय. मध्यंतरी मोटारसायकलवरची दोन पोरं बराच वेळ मागे होती. नाक्यावर गर्दी होती म्हणून निभावलं. माणूस किती अंतरावर आला की गोळी चालवावी? आणि सराव कसा करावा?

अंतर विचारलंत ते बरं केलंत. बाकीचे मला मॉडेल विचारतात.

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांत डेनिस ट्युलर नावाचे सार्जंट होते. चाकू घेतलेला माणूस किती लांबून धोक्याचा ठरतो, हे त्यांनी घड्याळ लावून तपासलं आणि १९८३ साली त्यावर लेख लिहिला. धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर, दीड सेकंदात पार करतो. सरावातल्या पोलिसालाही होल्स्टरमधून पिस्तूल काढून नेमावर गोळी मारायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. पुढे या आकड्याचा लोकांनी भलताच अर्थ लावला : २१ फुटांच्या आत आला की उडवायचा. ट्युलरसाहेबांनी तसं काही सांगितलेलं नाही, आणि आपल्या कोर्टात ते चालणारही नाही. त्याचा अर्थ एवढाच की, त्या टप्प्याच्या आत निव्वळ हत्याराच्या भरवशावर उभं राहिलात तर तुम्ही उशिरा पोचता.

बरं, तो पोलीस कमरेला होल्स्टर लावून, सावध उभा होता. तुमचं रिव्हॉल्व्हर कुठे असतं? व्यापारी मंडळींचं मी बघत आलोय. चेनच्या पाऊचमध्ये रिव्हॉल्व्हर, पाऊच सीटखाली आणि वर रोकडीची पिशवी. दीड सेकंदात ती चेनसुद्धा उघडत नाही. तेव्हा पहिली खरेदी चांगल्या होल्स्टरची करा. चाप पूर्ण झाकणारं, पट्ट्यावर घट्ट बसणारं, वरून शर्ट सोडता येईल असं. सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये आणि झाकलेलंच असलं पाहिजे, असं २०१६चे शस्त्र नियमही सांगतात. चारचौघांत ते दाखवत फिरणं हा गुन्हा आहे.

आता हातभर अंतराचं बोलू. तिथे आधी पाय, मग हात, हत्यार सगळ्यात शेवटी. पाय सरळ मागे नेऊ नका. मागे सरकणारा माणूस पुढे धावणाऱ्यापेक्षा हळूच असतो आणि कशाला तरी अडखळून आडवा होतो. तिरके बाजूला निघा, मधे गाडीचं बॉनेट आणा. डावा हात वर घ्या, कोपर पुढे, चेहरा आणि गळा झाकला पाहिजे.  हत्यार काढायचीच वेळ आली तर उजवं कोपर मागे आणि मूठ बरगडीला चिकटलेली ठेवा. सिनेमातल्यासारखे दोन्ही हात ताणून धरलेत तर तुम्हीच हत्यार त्याच्या हातात देताय.

तुमच्या रिव्हॉल्व्हरचं एक बघून ठेवा. चाप ओढला की आधी चक्र फिरतं, मग घोडा पडतो. झटापटीत समोरच्याने ते चक्र मुठीत आवळलं तर ते फिरत नाही, आणि चाप कितीही ओढा, गोळी सुटत नाही. घोडा आधीच मागे ओढलेला असेल तर मात्र सुटते, पण तसं तयार ठेवून फिरायचं नाही. थरथरत्या बोटाला तेवढा हलका चाप नको. तर चक्र धरलं गेलं की हत्यार खेचत बसू नका. तो दोन्ही हातांनी तुमच्या हत्याराला लटकलाय, म्हणजे तुमचा डावा हात मोकळा आहे. तळहाताने हनुवटीखाली हाणा, गुडघा वापरा, अंग फिरवून सुटा. हे एखाद्या ज्युदो किंवा बॉक्सिंगच्या मास्तरांकडे प्लास्टिकच्या खेळण्यावर घोटून घ्या. खरं हत्यार त्या खोलीत आणायचंच नाही.

गोळीबाराचा सराव म्हणाल तर त्यातला मोठा भाग गोळीशिवाय होतो. रिक्रूट पोरांना चांदमारीला नेण्याआधी आम्ही कोरा चाप ओढायला लावून रडवायचो. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. नळी खाली वाकवून रिव्हॉल्व्हर उघडा, चक्राची सहाही घरं डोळ्यांनी बघा, मग बोटाने चाचपा. डमी काडतुसं घाला, विटांच्या भिंतीकडे तोंड करा. नळीवर माशीच्या, म्हणजे टोकाला नेम धरायचा जो उंचवटा असतो त्याच्या, मागे रुपयाचं नाणं ठेवा आणि चाप ओढा. नाणं पडलं तर तुम्ही चाप ओढत नव्हता, हिसकत होता. ते पडायचं थांबलं की जिल्ह्यातल्या रायफल क्लबमध्ये जाऊन खरी काडतुसं झाडा, आणि तीसुद्धा तीन आणि सात मीटरवर. पंचवीस मीटर तुमच्या कामाचं नाही. परवान्यावरचा काडतुसांचा कोटा लोक कपाटात जुना होऊ देतात. जुनी तिथे संपवा, नवी जवळ ठेवा.

राहिली रोकड. वेळ बदला, रस्ता बदला, दोघांनी जा, जमलं तर रोकड उचलणारी गाडी लावा. हिसकायला आलेच तर पिशवी एका बाजूला फेका आणि दुसऱ्या बाजूला निघा. पिशवी घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत तर आरोपी तुम्ही. आणि पंपाच्या आवारात गोळी का नको, हे मी तुम्हाला सांगायचं?

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे, कॉलेजसाठी ठाण्याहून लोकलने जाते, परतायला रात्र होते. बायकांसाठी काढलेलं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर तिला घेऊन द्यावं असं तिचे बाबा म्हणतात. तुमचं मत?

ताई, कायद्यानेच तुमचा प्रश्न निकालात काढलाय. २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय स्वसंरक्षणाचा परवाना मिळत नाही. ती २१ची झाली तरी बाबांना माझं सांगणं हेच, की घेऊन देऊ नका.

‘निर्भीक’ २०१४ साली कानपूरच्या आयुधनिर्माणीतून आलं. .३२चं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. दागिन्यांच्या डबीसारख्या पेटीत द्यायचे म्हणे. पेटीने काय होतंय? हत्यार हलकं केलं की झटका वाढतो. आणि खरेदीला बाईमाणूस आलं म्हणून परवाना, पडताळणी, प्रशिक्षण यांतलं काही कमी होत नाही. साडेनऊच्या लेडीज डब्यात पर्सच्या तळाशी, टिफिन आणि छत्रीखाली पडलेलं रिव्हॉल्व्हर पोरीच्या उपयोगी पडायचं नाही. पर्स चोरीला गेली तर मात्र पोलीस ठाण्यात तिलाच उत्तरं द्यावी लागतील.

तिला आवाज काढायला शिकवा. गंमत नाही करत. आपल्या मुलींना ओरडायची सवय नसते, घरातल्या घरात मोठ्याने “मागे हो!” म्हणायला सांगा, पहिल्यांदा हसेल. मिरचीचा स्प्रे घ्या, त्याला परवाना लागत नाही. पण तो स्टेशनबाहेर पडताना हातात पाहिजे, वाऱ्याची दिशा बघून मारायचा आणि डब्यावरची मुदत तपासायची. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन सोडवणं हे एका रविवारात शिकून होतं, पण नंतर दर आठवड्याला भावाबरोबर घोटलं तरच अंगात राहतं. रेल्वेत १३९, बाहेर ११२. हे दोन्ही आकडे तिला लावून बघू दे, नुसते सेव्ह करून ठेवू नका.

प्रश्न : रात्री घरात चोर शिरला तर गोळी चालवायचा अधिकार आहे, असं आमच्या सोसायटीतले एक वकील सांगतात. खरं का?

अर्धं खरं. भारतीय न्याय संहितेचं कलम ४१ (जुन्या दंडसंहितेचं १०३) सांगतं, की जबरी चोरी किंवा सूर्यास्तानंतरची घरफोडी अशा प्रसंगी मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. वकीलसाहेबांनी कलम ३७ सांगायचं ठेवलं. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला सवड असेल तर हा हक्कच नाही. टीव्ही टाकून गॅलरीतून उतरणाऱ्या पोराच्या बाबतीत तुम्ही कुठे बसता, ते त्यांना विचारा.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर लोक नुसते घाबरतात. १९५०च्या मार्चमध्ये मध्य प्रदेशात कटनीला दंगल झाली. जमावाने इमारतीचा शेजारचा भाग लुटला आणि अमजद खान या दुकानदाराचं दार लाठ्यांनी बडवायला लागला. त्याने दोन गोळ्या झाडल्या, एक माणूस गेला, तिघं जखमी झाले. शिक्षा झाली, पण १९५२ साली सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं. अशा घडीला किती बळ वापरलं हे सोनाराच्या काट्यावर तोलायचं नसतं, असा त्या निकालाचा आशय आहे. दार तुटायला आलंय आणि आत बायकापोरं आहेत, हे तिथे स्पष्ट होतं.

म्हणून घरातला आराखडा असा : आवाज आला की हत्यार घेऊन खोल्या धुंडाळायच्या नाहीत. सगळे एका खोलीत, दाराला कडी, पलंग आडवा, ११२ लावून फोन चालू. दाराआडून मोठ्याने सांगा, पोलीस येतायत आणि माझ्याकडे हत्यार आहे. बहुतेक चोर त्यावर निघून जातात, त्यांनाही घरी जायचं असतं. दार फोडून कुणी आत आलाच तर पुढचं तुमच्या हक्कात येतं. तोवर टॉर्च लावल्याशिवाय अंधारातल्या सावलीवर नळी रोखू नका, रात्री पाणी प्यायला उठलेला आपला मुलगाही सावलीच दिसतो. आणि मधे प्लायवूडचं पार्टिशन असेल तर ती भिंत समजू नका, .३२ची गोळी त्यातून जाते.

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, आता डॅलसजवळ राहतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर नऊ एमएमचं पिस्तूल घेतलं. टेक्ससमध्ये आता परवाना लागत नाही, मग क्लासची गरज आहे का? घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि दिवाळीला आई-बाबा येणार आहेत.

१ सप्टेंबर २०२१पासून तिथे २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, हे बरोबर. तरी क्लास कराच, परवानाही काढा. त्यांची परीक्षा ५० गोळ्यांची असते : २० तीन यार्डांवर, २० सातवर, १० पंधरावर. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. बघा, सगळ्यात लांबचं निशाण पंधरा यार्ड. पण परीक्षा उभ्या कागदावर असते, कागद अंगावर येत नाही. त्यामुळे पास झालात की जवळच्या झटापटीचा वेगळा कोर्स घ्या.

पाहुण्यांचं नीट ऐका. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर येणार. तिथल्या संघीय कायद्याने अशा माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. एच-वन-बीवाल्यांनाही तोच नियम, म्हणून ग्रीन कार्डाआधी घाई केली नाहीत ते उत्तम. बाबांना हौसेने रेंजवर नेऊन फोटो काढायचा बेत असेल तर आधी तिथल्या वकिलाला विचारा. तुम्ही ऑफिसला गेल्यावर तिजोरीची चावी त्यांच्याकडे देऊन जाऊ नका.

मुलीसाठी बोटाच्या ठशाची छोटी तिजोरी भिंतीला किंवा पलंगाला बोल्टने आवळा. टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती निष्काळजीपणाने भरलेली बंदूक लागू दिली तर मोठ्या माणसावर गुन्हा दाखल होतो. आजीची पर्स, पलंगाचा ड्रॉवर, गाडीचा कप्पा, चार वर्षांच्या पोरीला सगळं उघडता येतं.

प्रश्न : भावाच्या लग्नात वरातीत हवेत एक बार काढला तर काय होतं?

वर गेलेली गोळी खाली येते. २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बँडवाल्याला ताशा जास्त वाजवायला सांगा.

प्रश्न : वय ७४. शेतवस्तीवर राहतो, १९८९पासून रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. आता चाप बोटाला ओढवत नाही. मुलाच्या नावावर करता येतं का?

येतं, काका. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली, की वारसाला परवाना मागता येतो. तुमचं दोन्हींत बसतं. मुलाने जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. त्याची पोलीस पडताळणी होईल आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागेल. तो कागद नुसता मिळवू नका, मुलाला खरंच शिकायला पाठवा.

परवाना हातात येईपर्यंत रिव्हॉल्व्हर त्याचं नाही. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला न्यायचं झालं तर तुमची लेखी परवानगी खिशात पाहिजे. वस्तीवर ठेवायची धास्ती वाटत असेल तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि हत्याराचा नंबर टाकलेली पावती घ्या. द्यायच्या आधी नळीतून तेलाचं फडकं तेवढं फिरवा, तिथे वर्षभर त्याच्याकडे कुणी बघत नाही.