मावशीचं घर की भाड्याची खोली?

प्रश्न : मी 27 वर्षांची, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली. कंपनीने बदलीसाठी इंदूर आणि बडोदा अशी दोन नावं पुढे ठेवली आहेत, पगार सारखाच. इथे रात्री नऊनंतर बाहेर पडायचं तर भाऊ सोबत लागतो. मला आता जरा मोकळं राहायचंय. मैत्रिणींबरोबर उशिरापर्यंत हिंडावं, नवी माणसं भेटावीत, आणि खरं सांगायचं तर जोडीदारही माझा मीच शोधावा, असं वाटतं. कधीतरी बिअर घेते, मटण-मासे खाते. जिथे तिथे वाचते, तर इंदूरची ‘नाइटलाइफ’ जोरात आणि बडोदा ‘शांत’. इंदूरला सुदामानगरात मावशी आहे. ती म्हणते, आमच्याकडेच राहा, भाडं वाचेल. आईलाही तेच हवंय. काय करू?

उत्तर : शहरांचं नंतर बघू, आधी मावशीचं बोलू. माझं माहेर बडोद्याचं, दांडिया बाजारातलं. लग्न झाल्यापासून इंदूरला रामबागेत आहे. त्यामुळे दोन्ही गावं ठाऊक आहेत आणि दोन्हीकडच्या मावश्याही. मावशी तुला मायेनं ठेवून घेईल, डबा करून देईल, ताप आला तर उशाशी बसेल. पण रात्री साडेअकराला फाटक वाजलं की आतला दिवा लागणार. रागावणार कुणीच नाही. सकाळी चहा देताना ‘काल उशीर झाला का गं?’ एवढंच, आणि दुपारच्या आत ते ग्वाल्हेरला पोचलेलं. भाड्याचे पैसे वाचतील, पण भावाच्या जागी मावसोबा येतील, बाकी सगळं तेच. तेव्हा तुझ्यापुढे खरे पर्याय दोनच आहेत: इंदूरला भाड्याची खोली किंवा बडोद्याला भाड्याची खोली. मावशीकडे रविवारी जेवायला जावं.

आता इंदूर. इथली रात्र ही खाण्याची रात्र आहे, हे आधी समजून घे. सराफ्यात दिवसभर सोनं-चांदी विकतात. दुकानांची शटरं पडली की त्याच ओट्यांपुढे गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटली तरी कढया उतरत नाहीत. सराफही तक्रार करत नाहीत, कारण एवढ्या गर्दीत कुलपाला हात लावायची कुणाची छाती होणार? थंडीत गेलीस तर गराडू खा. कंदाचे तळलेले तुकडे, वरून लिंबू आणि चिमटीभर जिरावण मसाला. भुट्ट्याचा कीस हवा असेल तर जरा आत शिरावं लागतं. गर्दीत आजीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे असतात, म्हणूनच बाईमाणसाला तिथे रात्री बाराला उभं राहायला संकोच वाटत नाही. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, उगीच म्हणत नाहीत. शहर साडेपाचशे मीटर उंचीवरच्या पठारावर आहे, मे महिन्यातही रात्री वाऱ्याची झुळूक लागते. बिअर हवी तर विजयनगरकडे पब आहेत, कॅफे आहेत, तुझ्या वयाची नोकरदार पोरं तिथेच दिसतात. ते सगळं साधारण बाराच्या सुमारास आवरतं.

पण तू मराठी आहेस, आणि इंदुरात हे फार महागात पडतं! रामबाग, लोकमान्यनगर, टिळकनगर, सुदामानगर, राजेंद्रनगर, या सगळ्या वस्त्यांतल्या काकू एकमेकींना ओळखतात. ‘सानंद’ या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला जाशील तर प्रेक्षकांचे गट ठरलेले, बसायच्या रांगा ठरलेल्या, मध्यंतरात तुझं गोत्र, पगार आणि उंची तिन्ही विचारून होतील. अ‍ॅपवर नाव घातलंस की पहिल्या दहा चेहऱ्यांत एखादा दूरचा आतेभाऊ निघायचाच. याला मी वाईट म्हणत नाही. ज्यांना पाहून-सवरून लग्न जमवायचंय त्यांना इंदूरसारखी सोय नाही. तुला ते नकोय, असं तूच लिहिलंयस.

बडोदा ‘शांत’ म्हणणाऱ्याने ते नवरात्राबाहेर पाहिलेलं असतं. हो, दारूबंदी आहे. 1960 साली गुजरात वेगळा झाला तेव्हापासून आहे आणि ती तुला लागू होईल. बाहेरच्या राज्यातून चार दिवस आलेल्याला परवाना मिळतो, पण तिथे राहणाऱ्या 27 वर्षांच्या मुलीला नाही. प्रकृतीच्या कारणावरचा परवानाही चाळिशीनंतरचा. ‘सगळे आणतातच की’ असं ऑफिसात कुणीतरी सांगेल. त्याच्या नादी लागू नकोस, नुसती बाटली जवळ बाळगली तरी गुन्हा होतो. कधीतरीची बिअर दमणला किंवा उदयपूरला पी. हे तुला जमणार नसेल तर पुढचं वाचू नकोस, इंदूरचं तिकीट काढ.

मात्र दारू नाही म्हणून बडोद्याची संध्याकाळ मरत नाही, ती दुसरीकडे वळते. फतेगंजला विद्यापीठाची पोरं रात्री उशिरापर्यंत खात-बोलत बसलेली असतात. सेव-उसळीच्या गाडीवर पाव दोन आणि तर्री पुन्हा पुन्हा. सुरसागर तलावाच्या कट्ट्यावर माणसं नुसती बसायला येतात. स्कूटीवरून एकट्या जाणाऱ्या मुलीकडे रात्री दहालाही कुणी मान वळवून बघत नाही. मला इंदूरपेक्षा तिथे हे जास्त सहज वाटतं. माझ्या भाच्या तर हेच कारण देऊन लग्नानंतरही गाव सोडायला तयार नव्हत्या.

आणि गरबा. लोक नऊ रात्री मोजतात. तुझ्या कामाचे मात्र त्याआधीचे दोन महिने आहेत. पावसाळ्यात गल्लोगल्ली गरब्याचे वर्ग सुरू होतात. त्यात नवखे असतात, चुकतात, हसतात, संपल्यावर टोळक्यानं खायला जातात, आणि मग पास कुणी काढायचे, चनियाचोळी कुठून आणायची यावरून ग्रुप बनतो. बडोद्याचा गरबा काठ्यांचा नाही, टाळीचा आणि गोलाचा. गाणारा समोर बसून गातो, सुरुवात अगदी संथ. हजारो माणसं अनवाणी एकाच चालीवर फिरतात. शेजारी कोण आलाय हे दर फेरीला बदलतं. एखादा माणूस थकल्यावर कसा वागतो, गर्दीत दुसऱ्याच्या पायाला जपतो का, बरोबरच्या मुलींना घरी सोडल्याशिवाय निघतो का, हे सगळं नऊ रात्रींत दिसतं. पबच्या अंधारात आणि त्या दणदणाटात यातलं काय कळणार, सांग!

बडोद्याच्या अडचणीही ऐक. घर शोधताना तुला दोन प्रश्न विचारतील, ‘एकट्याच का?’ आणि ‘नॉन-व्हेज?’ दुसऱ्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नकोस. फोडणीचा वास लपत नाही आणि महिनाभरात सामान उचलावं लागतं. सोसायटीऐवजी फतेगंजच्या बाजूला नीट विचारून बघ. तळमजला घेऊ नकोस. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा घराघरांत पाणी शिरलं होतं, आणि त्या नदीत मगरी आहेत, गंमत नाही. उन्हाळा घामाचा, मालव्यासारख्या रात्री विसर. शिवाय घर लांब पडेल. ग्वाल्हेर-इंदूर रात्रीच्या गाडीनं उरकतं, बडोद्याहून तसं नाही. मुंबई मात्र 400 किलोमीटरच्या आतच, शनिवार-रविवारी जाऊन येता येतं.

माझं मत विचारशील तर बडोदा. मात्र हो म्हणण्याआधी कंपनीकडून दोन्हीकडे एकेक फेरी मागून घे, आणि ती मंगळवार-बुधवारची. शनिवारी कुठलंही गाव छान दिसतं. ऑफिस सुटल्यावर तिथल्या मुली कुठे जातात ते विचार आणि त्यांच्याबरोबर जा. परत खोलीवर एकटी ये, रिक्षानं. मग ठरव. आईला सांगताना ‘मावशीला त्रास नको’ असं म्हण. यावर कुठलीच आई फार वाद घालू शकत नाही.

प्रश्न : मी 31 वर्षांचा, बडोदेकर. नोकरीसाठी इंदूरला निघालोय. मित्र म्हणतात, तिथे चोवीस तास सगळं उघडं असतं. खरं का?

उत्तर : होतं, थोडा काळ. 2022 मध्ये बीआरटीएसच्या, म्हणजे जलद बसमार्गाच्या, दुतर्फा रात्रभर दुकानं-उपाहारगृहं उघडी ठेवायला परवानगी मिळाली होती. रात्रीच्या टवाळखोरीच्या तक्रारी वाढल्या आणि 2024 मध्ये सरकारनं ती सवलत काढून घेतली. आता मध्यरात्रीनंतर भूक लागली तर सराफा. शहर रात्रभर जागं बघायचं असेल तर अनंत चतुर्दशीची वाट पाहा. गिरण्या केव्हाच बंद पडल्या, पण गिरणी कामगारांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, अजून निघतात, हुकुमचंद मिलची, मालवा मिलची, आणि पहाटेपर्यंत रस्त्यांवर माणूस मावत नाही. त्या रात्री गाडी घरीच ठेवा, संध्याकाळीच पोट भरून घ्या, आणि राजवाड्याच्या अलीकडेच एखाद्या ओळखीच्याची गॅलरी धरून ठेवा. ओळख नसेल तर रामबागेतून पायी निघा, तासाभरात गर्दीच तुम्हाला पोचवेल.