आधी त्यांना अंदाज करू दे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. विज्ञान केंद्रात तुझी नेमणूक झाली, तीही गणिताच्या दालनात, हे वाचून फार बरं वाटलं. तू लिहिलंस की वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘मुलांना गणिताची भीती वाटते, काहीतरी मजेदार करा.’ आणि तू आता प्रश्नमंजूषा, बक्षिसं, फुगे, जादूचे प्रयोग अशी यादी करत बसली आहेस. ती यादी तूर्त बाजूला ठेव. गणित कडू आहे असं धरून त्यावर साखर पेरलीस, तर पोरं साखर तेवढी चाटतील आणि बाकीचं ताटात टाकून जातील.

मी इतकी वर्षं शाळेत, जत्रेत, गावच्या प्रदर्शनात जे काही केलं, त्यातून मला एकच गोष्ट खात्रीने सांगता येते. समोरच्या माणसाला आधी अंदाज करू दे. तो त्याला मोठ्याने बोलू दे. मग त्याच्या हाताने ते करून बघू दे. आणि तोवर तू गप्प राहा. यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड. आपल्याला उत्तर माहीत असतं, समोरचा चाचपडत असतो, मागे रांग वाढत असते, आणि उत्तर आपल्या ओठांवर येतं. पण ते उत्तर दिलंस की आश्चर्य तुझ्याकडे राहतं आणि त्याच्या हातात नुसती माहिती पडते.

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनला नॅशनल म्युझियम ऑफ मॅथेमॅटिक्स आहे. लोक त्याला ‘मोमॅथ’ म्हणतात. ते डिसेंबर २०१२ मध्ये उघडलं. त्याआधी लाँग आयलंडवर गणिताचं एक लहानसं संग्रहालय होतं, ते २००६ मध्ये बंद पडलं. तेव्हा ग्लेन व्हिटनी आणि त्यांच्या सोबत्यांनी नवं उभारायचं ठरवलं. तुझ्या कामाची गोष्ट अशी की त्यांनी इमारतीची वाट पाहिली नाही. २००९ मध्येच त्यांनी ‘मॅथ मिडवे’ नावाचं जत्रेच्या धर्तीवरचं फिरतं प्रदर्शन काढलं आणि इमारत त्यानंतर झाली. तुझ्या दालनाला अजून रंग लागायचाय, कपाटं यायचीत, म्हणून तू थांबली आहेस. थांबू नकोस. दोन टेबलं आणि एक सतरंजी मिळाली तरी सुरुवात होते.

त्या फिरत्या प्रदर्शनात चौकोनी चाकांची एक तीनचाकी सायकल होती, पुढे ती संग्रहालयातही आली. बघणारा कुणीही म्हणणार, गचके बसणार. पण ती सायकल सरळ, सपाट चालते, कारण खालचा रस्ता उंचवट्यांचा आहे. साखळीची दोन टोकं धरून ती सैल सोडली की जो झोळ पडतो, तो उलटा केला की त्या उंचवट्याचा आकार मिळतो. असे उंचवटे ओळीने मांडायचे आणि एका उंचवट्याच्या कडेची लांबी चौकोनाच्या बाजूएवढी ठेवायची. मग चाक घरंगळताना त्याचा मध्य वर-खाली होत नाही. मोमॅथमधला रस्ता गोल फिरतो, म्हणून तिथे चाकं एकाच मापाची चालत नाहीत. का, ते तू स्वतः कागदावर काढून बघ आणि मग येणाऱ्यांना विचार. तुला एवढी मोठी सायकल करायची गरज नाही. सुताराकडून हातभर लांबीचा रस्ता आणि वीतभर चाक करून घेतलंस तरी टेबलावर तेच घडतं.

पण माझं ऐकशील तर सुरुवात रांगोळीपासून कर. यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रयोग मला सर्वांत प्रिय आहे.

रांगोळीच्या पुस्तकात नक्षीखाली ‘१५ ते ८ ठिपके’ असं छापलेलं असतं. मधल्या ओळीत १५, तिच्या वर-खाली १४-१४, असं कमी होत दोन्ही टोकांना ८. मुलासोबत आलेल्या आईला बोलव. ‘मला गणित कधी आलंच नाही हो,’ असं ती मुलासमोर म्हणेल, तेव्हा तिच्या हातात रांगोळी दे आणि ठिपके घालायला सांग. ती सराईतपणे घालेल, एका ओळीचा ठिपका दुसऱ्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधोमध. मग सगळ्यांना विचार, एकूण ठिपके किती? मोजायचे नाहीत, अंदाज सांगायचा. सगळे अंदाज फळ्यावर लिही, अगदी वेडेवाकडे असले तरी.

आता लहान रांगोळ्यांकडे या. ‘३ ते २’ मध्ये ७ ठिपके, ‘५ ते ३’ मध्ये १९, ‘७ ते ४’ मध्ये ३७. आणि नुसता एक ठिपका ही सगळ्यांत छोटी रांगोळी. या बेरजा करत जायला सांग. १ आणि ७ मिळून ८. त्यात १९ घातले की २७. त्यात ३७ घातले की ६४. घोळक्यात कुणीतरी एक हळूच म्हणतं, ‘अरे, हे तर घन आहेत.’ म्हणू दे. लगेच शाबासकी देऊन विषय संपवू नकोस. विचार, असं का व्हावं? रांगोळी तर जमिनीवर सपाट आहे, त्यात घन कुठून आले?

इथे ठोकळे काढ. इंचभर बाजूचे २७ लाकडी ठोकळे घेऊन तीन-तीन-तीनचा घन रचायला लाव. मग तो घन कोपऱ्याच्या दिशेने बघायला सांग, तीन बाजू एकदम दिसतील असा. किती ठोकळे दिसतात? १९. दिसणारे सगळे काढून घ्यायचे. आत दोन-दोन-दोनचा घन उरतो. त्याचे कोपऱ्याकडून ७ दिसतात. तेही काढले की एक ठोकळा उरतो. कोपऱ्याकडून बघितल्यावर घनाची कडा षट्कोनी दिसते, आणि दिसणाऱ्या प्रत्येक ठोकळ्यामागे एक ठिपका ठेवला की ती हुबेहूब आईने घातलेली रांगोळी होते. हे ज्याच्या हातून उलगडतं त्याचा चेहरा बघ. त्यासाठीच हे काम करायचं.

मग शेवटी फळ्यावरच्या अंदाजांकडे परत जा. ‘१५ ते ८’ म्हणजे आठ-आठ-आठच्या घनातून सात-सात-सातचा घन वजा, ५१२ मधून ३४३ गेले, १६९. आता मोजून खात्री करायला सांग. हे सगळं व्हायला पाऊण तास लागतो. दालनात शंभर मुलं असतील तर पाऊण तासात त्यातली पंधराच इथे बसतील. बसू देत. बाकीच्यांना दुसऱ्या टेबलावर पाठव, पण या पंधरांना घाईने उठवू नकोस.

ही १६९ संख्या लक्षात ठेव, कारण ती तुला मोठ्या कार्यक्रमासाठी उपयोगी पडेल. मोमॅथने ५ डिसेंबर २०१३ ला एक सुंदर गोष्ट केली. अमेरिकेत ही तारीख महिना आधी धरून १२-५-१३ अशी लिहितात. पाचाचा वर्ग २५, बाराचा १४४, बेरीज १६९, म्हणजे तेराचा वर्ग. जवळच फ्लॅटआयर्न ही जुनी इमारत आहे, तिचा तळ काटकोन त्रिकोणी, आणि बाजूंचं प्रमाण जवळजवळ ५, १२, १३. त्या संध्याकाळी लोकांनी हातात चमकणाऱ्या कांड्या घेऊन इमारतीला वेढा दिला आणि कांड्यांनीच तिच्या तिन्ही बाजू मोजल्या. पायथागोरसचं प्रमेय रस्त्यावर, थंडीत, शेकडो हातांनी. मला यातलं आवडतं ते हे की कांड्यांचा झगमगाट नुसत्या शोभेचा नव्हता, कांडी हेच माप होतं.

तुझ्या गावात फ्लॅटआयर्न नाही, पण पायाची आखणी करताना दोरीने ३, ४, ५ चा त्रिकोण धरून काटकोन तपासणारे गवंडी आहेत. एखाद्या गवंडीकाकांना मानाने बोलाव, मानधन दे, आणि मैदानावर मुलांकडून खोलीची आखणी करवून घ्यायला सांग. बारा गाठींची दोरी एवढंच सामान लागतं. काकांना प्रमेयाचं नाव माहीत नसेल; मुलांना नाव पाठ असेल आणि दोरी कुठे धरायची ते माहीत नसेल. दोघांना एकमेकांकडून शिकू दे.

आता तारखांचं. २२ डिसेंबर हा रामानुजनांचा जन्मदिवस, राष्ट्रीय गणित दिवस. त्या दिवशी शाळांमध्ये कार्यक्रम होतातच. १४ मार्च हा युनेस्कोने २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय गणित दिवस म्हणून जाहीर केला, पण आपल्याकडे मार्चात मुलं परीक्षेच्या ओझ्याखाली असतात, आणि π च्या ३.१४ या किमतीवरून येणारी ३-१४ ही आपली तारीख लिहायची पद्धतही नाही. आपली पद्धत धरली तर २२ जुलै हा आपला दिवस, २२/७. π ची ही किंमत आपल्या प्रत्येक मुलाला शाळेपासून पाठ असते, आणि π च्या खऱ्या किमतीला ती ३.१४ पेक्षा थोडी जास्त जवळही आहे. तो दिवस तू तुझ्या केंद्राचा कर.

त्या दिवशी काय करायचं ते सांगते. सारख्या उंचीची सात मुलं हात पसरून, बोटाला बोट लावून सरळ रेषेत उभी कर. रेषेच्या मध्यावर खुंटी ठोक आणि दोरीने वर्तुळ आख, म्हणजे ही सात मुलं त्याचा व्यास झाली. आता विचार, या वर्तुळावर अशीच हात पसरून किती मुलं मावतील? पुष्कळ जण १४ म्हणतील. स्वयंसेवकांना बजावून ठेव की १४ म्हणणाऱ्याला हसायचं नाही. त्याने एका बाजूने सात आणि दुसऱ्या बाजूने सात असा विचार केलाय, फक्त वळसा त्याने हिशेबात धरला नाही. त्याला विचार, सरळ गेलं तर सात, मग वळून गेलं तर सातापेक्षा जास्त की कमी? वर्तुळाभोवती चौकोन आखला तर २८ लागतील, म्हणजे उत्तर १४ आणि २८ च्या मध्ये कुठेतरी. मग मुलं एकेक करून वर्तुळावर उभी राहायला लागतात, बाकीचे मोजत असतात. एकवीस झाल्यावर जी फट उरते, तिच्यात बाविसावं मूल शिरतं आणि साखळी पुरी होते. जरा ओढाताण होईल, कुणाचे हात लांब, कुणाचे आखूड. त्याबद्दलही बोल, मापात चूक कुठून येते ते मुलांना तिथेच कळतं.

देवळालीच्या कापरेकरांचा ६१७४ मात्र विसरू नकोस. शाळामास्तर होते ते, आणि १९४९ मध्ये त्यांनी ही संख्या मांडली. चार आकडी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि तिथून पुढे हलतच नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या संख्या तिथेच येतात. पाट्या-पेन्सिली मांडून ठेव, दुसरं काही लागत नाही. फक्त ३०८७ च्या पायरीला मुलं ०३७८ मधलं शून्य टाकून देतात आणि अडतात, तिथे एक माणूस उभा ठेव. आपल्याच जिल्ह्या-तालुक्यातल्या एका मास्तरांच्या नावाची संख्या जगभर ओळखली जाते, हे मुलांना सांगताना आवाजात अभिमान येऊ दे.

दोन गोष्टींवर डोळा ठेव. गर्दी झाली की मुलगे पुढे घुसतात आणि मुली दप्तरं सांभाळत मागे उभ्या राहतात. ठोकळे आधी मुलींच्या हातात दे, न बोलता. दुसरं म्हणजे वेगाच्या स्पर्धा ठेवू नकोस: पाढे कोण लवकर म्हणतो, गुणाकार कोण झटपट करतो. त्यात जो आधीच पुढे आहे तो आणखी पुढे जातो, आणि ज्याच्यासाठी तू हे दालन उघडलंस तो दारातूनच परततो. उद्घाटनाची भाषणं दहा मिनिटांत आवर, पाहुण्यांनाच दोरीचं एक टोक धरायला दे.

आणि जागेचं आजच बघ. जुलैत मैदानावर चिखल असणार. सात मुलांचा व्यास दहा मीटरच्या आसपास जातो, तेवढं छप्पर शाळेत मिळणं कठीण. पण त्या सुमाराला लग्नाचे मुहूर्त जवळपास संपत आलेले असतात आणि मंगल कार्यालयं रिकामी पडतात. मालकांना भेट, भाडं कमी करतील, कदाचित घेणारही नाहीत. हॉलमध्ये खुंटी ठोकता येणार नाही, तेव्हा मधोमध एका धडधाकट मुलाला दोरी धरून बसव. शाळांना पत्रं जूनमध्ये शाळा उघडल्या की पहिल्याच आठवड्यात गेली पाहिजेत, नंतर त्यांचं वेळापत्रक भरतं. ठोकळ्यांसाठी सागवान नको, साधं पाइन चालेल, फक्त कडा घासून घे आणि मापं अगदी सारखी आहेत ना ते स्वतः बघून घे.

तुझ्या,
बाई