गल्पमध्ये सास, मिनिफाय, हॅश आणि इमेजचे टास्क गटात कसे बांधावेत?

गल्प म्हणजे वेबसाइटच्या फाइली तयार करायची कामं (टास्क) आपोआप चालवणारं साधन, आणि हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढून तिच्या नावात जोडलेला कोड. तुम्ही सगळे टास्क एकाच पॅरललमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या गटात) टाकलेत आणि सीएसएसमध्ये लोगोचं हॅश नसलेलं नाव कधी राहतं, कधी राहत नाही. म्हणजे टास्कची आपसात शर्यत लागलीय. सीएसएस लिहून होतं तेव्हा इमेजचा मॅनिफेस्ट (कोणत्या फाइलला कोणतं हॅशवालं नाव मिळालं याची यादी) कधी तयार असतो, कधी नसतो.

मी फाइलच्या प्रकारावरून गट पाडत नाही. कोण कोणाचं नाव घेतं, ते बघतो. इमेज आणि फॉन्ट कोणाचंच नाव घेत नाहीत, म्हणून ते आधी, आपसात पॅरलल. सीएसएस आणि जेएस त्यांची नावं घेतात, ते दुसऱ्या गटात. एचटीएमएल सगळ्यांची घेतं, ते शेवटी. हे तीन गट बाहेरून एका सीरीजमध्ये (एकामागून एक), सुरुवातीला जुनं आउटपुट पुसणारा टास्क. झालं.

एकाच फाइलवरचे टप्पे मात्र सुटे टास्क करू नका. सास (त्याचं सीएसएस करणं), ऑटोप्रीफिक्सर (ब्राउझरनुसार लागणारे प्रीफिक्स जोडणारा), इमेजची नावं बदलणं, सीएसएसनॅनो (सीएसएस मिनिफाय म्हणजे आटोपशीर करणारा) आणि मग हॅश, हे सगळं एका फंक्शनमध्ये, पाइपने जोडलेलं, म्हणजे एका टप्प्याचं आउटपुट थेट पुढच्याला. मधल्या फाइली डिस्कवर लिहायच्या नि परत वाचायच्या, हा उद्योग कशाला? हॅश मजकूर बदलणाऱ्या सगळ्या टप्प्यांनंतरच हवा. मिनिफायच्या आधी घेतलात, तर उद्या सीएसएसनॅनोची सेटिंग बदलली तरी नाव तेच राहील आणि ब्राउझर कॅशमधली जुनी फाइल दाखवत बसेल.

मॅनिफेस्ट प्रत्येक टास्कचा वेगळा ठेवा. गल्प-रेव्हमध्ये (हॅश जोडणारं आणि मॅनिफेस्ट लिहिणारं प्लगइन) मर्जची सोय आहे, पण दोन पॅरलल टास्क एकाच जेसन (मॅनिफेस्टच्या) फाइलवर लिहायला लागले की एकाची नोंद दुसरा पुसू शकतो. आणि मॅनिफेस्ट वाचायची ओळ टास्कच्या फंक्शनच्या आत हवी. गल्पफाइलच्या (टास्क लिहिलेल्या फाइलच्या) डोक्यावर लिहिलीत तर ती फाइल लोड होतानाच चालते आणि मागच्या बिल्डचा मॅनिफेस्ट हातात येतो. तुमच्या त्रासात याचाही वाटा असणार, असा मला दाट संशय आहे.

प्रत्येक फंक्शनने स्ट्रीम (पाइपने जोडलेली साखळी) रिटर्न केली पाहिजे, किंवा प्रॉमिस वा कॉलबॅकने काम संपल्याचं सांगितलं पाहिजे. यातलं काहीच केलं नाही तर टास्क संपल्याचं गल्पला कळत नाही आणि सीरीज तिथेच अडकते.

गल्प ५ वर असाल तर इमेज आणि फॉन्ट वाचताना एन्कोडिंग फॉल्स द्या. त्या आवृत्तीपासून फाइली यूटीएफ-८ (मजकुराची एन्कोडिंग) धरून वाचल्या जातात, त्यामुळे पीएनजीची वाट लागते आणि आपण उगाच ऑप्टिमायझरला शिव्या घालतो.