एकाच मॅकवरील नव्या खात्यात फोटो कसे न्यावेत?

आपण विचारले आहे की, घरच्या मॅकवर नवे खाते उघडल्यावर गड्ड्याच्या यात्रेपासून हुरडा पार्टीपर्यंतचे सारे फोटो जुन्या खात्यातून तिकडे कसे न्यावेत. एकेक फोटो निर्यात करत बसू नये, कारण तसे केल्यास अल्बम हरवतात.

प्रथम फोटोज ॲप पूर्ण बंद करावे. त्यानंतर पिक्चर्स फोल्डरमधील ‘फोटोज लायब्ररी’ ही दिसायला एकच, पण आत हजारो फाइली असलेली वस्तू एपीएफएस (मॅकची फाइली साठवण्याची पद्धत) स्वरूपाच्या बाह्य डिस्कवर उतरवून घ्यावी आणि डिस्कच्या ‘गेट इन्फो’ चौकटीत तळाशी असलेल्या ‘इग्नोअर ओनरशिप ऑन धिस व्हॉल्यूम’ (या डिस्कवरील फाइलींची मालकी दुर्लक्षित करा) या पर्यायावर खूण करावी. खरी अडचण इथेच असते. फाइलींची मालकी जुन्या खात्याकडे राहिली, तर नवे खाते लायब्ररी उघडू शकत नाही.

मग नव्या खात्यात शिरून ती लायब्ररी तेथील पिक्चर्समध्ये कॉपी करावी, ऑप्शन कळ दाबून धरून फोटोज उघडावे आणि तीच निवडावी. आयक्लाउड वापरायचे असल्यास फोटोजच्या सेटिंग्जमध्ये तिला ‘सिस्टम फोटो लायब्ररी’ ठरवावे लागते. सर्व फोटो उघडून पाहिल्याशिवाय जुनी प्रत मात्र पुसू नये.