पाटी लागली, पण मिसळ झाली का? कर्नलमधल्या ‘एकदाच’ करायच्या कामांविषयी प्रश्नोत्तरे

गेल्या महिन्यात लॉकवर (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपावर) लिहिलं, त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच दुखण्याची निघाली: एखादं व्हेरिएबल एकदाच, आणि नीट, इनिशियलाइज (वापरण्याआधी भरून तयार) कसं करायचं? उत्तरं लिनक्स कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, धरून दिली आहेत. फंक्शनांची नावं देवनागरीत आहेत, स्पेलिंग तुम्हाला पाठ असेलच.

प्रश्न : आमच्या ड्रायव्हरमध्ये सगळ्या डिव्हाइसना मिळून एकच तक्ता आहे. ‘झालं’ नावाचा स्टॅटिक बूल (खरं-खोटं सांगणारा झेंडा) ठेवलाय. तो खोटा असेल तर खरा करायचा आणि तक्ता भरायचा. इंटेलच्या लॅपटॉपवर महिनाभर काही झालं नाही. एआरएमच्या बोर्डवर मात्र मधूनच ऊप्स (कर्नलचा गंभीर एरर) येतो. बोर्डच खराब असेल का?

बोर्ड बिचारा निर्दोष आहे. तुमच्या चार ओळींत तीन भोकं आहेत, आणि ती एकामागे एक लपली आहेत.

पहिलं भोक क्रमाचं. प्रोसेसरच्या कोअर ० ने ‘झालं’ खरं केलं आणि तो तक्ता भरायला बसला. तेवढ्यात कोअर १ आला, त्याला ‘झालं’ खरं दिसलं आणि त्याने अर्ध्या तक्त्यात हात घातला. रस्सा अजून चुलीवर आणि बाहेर ‘गरम मिसळ तयार’ अशी पाटी, असला हा प्रकार. हे इंटेलवरही होऊ शकतं. महिनाभर झालं नाही हे तुमचं नशीब.

मग क्रम उलटा करू, आधी तक्ता आणि मग झेंडा? तरी दुसरं भोक राहतंच. दोन्ही कोअरना एकाच क्षणी ‘झालं’ खोटं दिसतं, दोघंही तक्ता बनवतात, एकाची मेमरी वाऱ्यावर.

तिसरं भोक तुमच्या बोर्डावरचं. समजा तक्ता एकानेच भरला, आणि झेंडा खरंच शेवटी लावला. कोअर ० ने आधी ‘तक्ता→कप्पे’ लिहिलं, नंतर ‘झालं’. पण एआरएमवर साधी लेखनं दुसऱ्या कोअरला त्याच क्रमाने दिसतील अशी हमी नाही. वाचणाऱ्या बाजूलाही तेच: इफमधला झेंडा तपासून व्हायच्या आत प्रोसेसर पुढचं वाचन अंदाजाने उरकून ठेवू शकतो. म्हणजे झेंडा नवा, कप्प्यांचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) जुना, आणि जुना म्हणजे नल, रिकामा. इंटेलचा प्रोसेसर लेखनं एकमेकांत आणि वाचनं एकमेकांत क्रमाने ठेवतो, म्हणून तिथे हे भोक झाकलेलं राहतं. पण कंपायलरला साध्या ओळींचा क्रम बदलायची मुभा आहे, त्यामुळे तिथेही निर्धास्त राहू नका.

यावरचं औषध जोडीनेच घ्यायचं. लिहिणाऱ्याने झेंडा ‘एसएमपी_स्टोअर_रिलीज’ने लावायचा, म्हणजे त्याआधीचं सगळं लेखन झेंड्याच्या आधी दिसतं. वाचणाऱ्याने तो ‘एसएमपी_लोड_अक्वायर’ने बघायचा, म्हणजे पुढची वाचनं झेंड्याच्या आधी सरकत नाहीत. एकाच बाजूला लावलं तर उपयोग शून्य. आणि दोघांनी एकदम तक्ता बनवू नये यासाठी लॉक वेगळा लागतोच.

हे मी शहाणपणा मिरवायला सांगत नाही. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये दोन सारखी डिव्हाइस एकाच वेळी प्रोब व्हायची (ड्रायव्हरशी जोडली जायची) आणि दोघांचा तक्ता एकच. शेकडो वेळा बोर्ड चालू केला की एकदा पडायचं. कारण शोधायला प्रिंटके (लॉगमध्ये ओळ छापणारं फंक्शन) टाकला, तर वेळेचं गणित बदलून पडायचंच बंद झालं. तो प्रिंटके तसाच ठेवून माल पाठवू या, असं मीटिंगमध्ये एकाने गंभीरपणे सुचवलं होतं.

प्रश्न : एवढं रामायण कशाला? सरळ म्यूटेक्स (वाट बघणाऱ्याला झोपवणारा लॉक) घेऊन तपासलं, भरलं, सोडलं तर?

उत्तम. म्यूटेक्सच्या आत तपासणी केली की वरची तिन्ही भोकं बुजतात, कारण लॉक घेण्यात आणि सोडण्यात क्रमाची हमी अंगभूतच आहे. वाट फार वर्दळीची नसेल तर इथेच थांबा.

त्याहून बरा प्रश्न असा: हे काम ‘पहिल्या वेळी’ करायची गरज आहे का? मॉड्यूलच्या इनिटमध्येच (लोड होताना चालणाऱ्या फंक्शनात) तक्ता भरला, त्यानंतरच ड्रायव्हर रजिस्टर केला, तर तो भरताना दुसरं कोणी बघायला हजरच नसतं. नुसता लॉक किंवा यादी हवी असेल तर ‘डिफाइन_म्यूटेक्स’, ‘लिस्ट_हेड’ कंपाइल होतानाच तयार मिळतात. मी रिव्ह्यू करतो त्यातली निम्मी ‘आळशी’ इनिशियलायझेशन अशी पुसून टाकता येतात.

प्रश्न : आमच्याकडे प्रत्येक सुपरब्लॉकला (माउंट केलेल्या फाइल सिस्टिमच्या नोंदीला) एक वर्कक्यू (मागाहून करायच्या कामांची रांग) लागते, पण फारच थोड्यांना. लॉक न घेता जमेल का?

जमेल, आणि कर्नलमध्येच नमुना आहे. डायरेक्ट आयओच्या (कॅश टाळून थेट वाचन-लेखनाच्या) कोडमध्ये ‘एस_डीआयओ_डन_डब्ल्यूक्यू’ नावाचा पॉइंटर असाच भरला जातो. प्रत्येकाने आपापली वर्कक्यू बनवायची आणि ‘सीएमपीएक्सचेंज’ने (तपासणं आणि बदलणं एकाच अखंड पावलात) विचारायचं: पॉइंटर अजून नल आहे का? असेल तर माझी घे. ज्याला उत्तर ‘आधीच कोणीतरी बसलंय’ असं येतं त्याने आपली वर्कक्यू मोडायची आणि बसलेली वापरायची. यशस्वी सीएमपीएक्सचेंज पूर्ण क्रम राखतो, म्हणून लिहिणाऱ्याची बाजू पक्की.

गफलत वाचताना होते. ‘पॉइंटर नल नाही ना, मग चला’ अशी साधी तपासणी पुरत नाही. ‘रीड_वन्स’ने वाचलंत तर त्या पॉइंटरमधून ज्या गोष्टींपर्यंत जाता तेवढ्यांचा क्रम सांभाळला जातो. पण वर्कक्यूच्या पोटात काय आहे, ती बाहेरच्या कुठल्या ग्लोबलला हात लावते, हे तुम्ही कशाला लक्षात ठेवायचं? अक्वायर वापरा. वाचलेल्या चार नॅनोसेकंदांसाठी दुसऱ्याच्या कोडचं पोट फाडून बघू नये असं माझं मत.

आणि हा मार्ग तेव्हाच, जेव्हा जास्तीची वस्तू बनवून मोडणं परवडतं. हार्डवेअरच्या रजिस्टरमध्ये लिहून बसलात तर मोडणार काय?

प्रश्न : ‘डू_वन्स’ मॅक्रो असताना हे सगळं हाताने का करायचं?

मॅक्रो छान आहे. पहिल्या वेळी स्पिनलॉक (न झोपता जागीच वाट बघायला लावणारा लॉक) घेऊन फंक्शन चालवतो. मग स्टॅटिक की (कोडमधला स्विच) बदलून ‘झालं का’ ही तपासणी मशीन कोडमधूनच पुसतो, तिथे नुसता नॉप (काहीच न करणारी सूचना) उरतो. पुसायचं काम झोपू शकतं, म्हणून ते वर्कक्यूवर सोपवलेलं असतं.

पण तो स्पिनलॉक इंटरप्ट (हार्डवेअरच्या हाका) बंद करून घेतला जातो, आणि तुमचं फंक्शन त्याच्या आत चालतं. २०२२ मध्ये टीसीपीच्या सोर्स पोर्टसाठी लागणारा रँडम आकड्यांचा तक्ता २५६ नोंदींवरून ६५,५३६ नोंदींवर नेला गेला. प्रत्येक नोंद ४ बाइटची, म्हणजे २५६ किलोबाइट. तो भरला जायचा पहिल्या कनेक्टच्या वेळी, डू_वन्सच्या आत. एका मशीनवर पहिल्या टीसीपी कनेक्शनला सुमारे ८० मिलिसेकंदांचा झटका बसतोय अशी तक्रार आली. तेवढा वेळ त्या कोअरला इंटरप्टचा पत्ताच नाही. उपाय म्हणून म्यूटेक्स घेणारं भावंड आलं. आज त्याचं नाव ‘डू_वन्स_स्लीपेबल’. काम जड असेल आणि झोपायची सोय असेल तिथे तेच घ्या.

दुसरी खोच: ‘एकदाच’ याचा अर्थ कोडमधल्या त्या जागी एकदाच. दोन ठिकाणी डू_वन्स लिहून तेच फंक्शन दिलंत तर ते दोनदा चालेल. दोन्हीकडून बोलवायचं असेल तर मध्ये एक सामाईक फंक्शन ठेवा.

प्रश्न : आणि इनिशियलायझेशनच फसलं तर? मेमरी मिळाली नाही, तर?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. डू_वन्स फंक्शनचा निकाल बघतच नाही. चाललं म्हणजे झालं. त्यामुळे जे काम फसू शकतं ते त्यात टाकू नका. म्यूटेक्सवाल्या पद्धतीत झेंडा फक्त यशानंतर लावा. फसलं तर मिळालेलं तेवढं परत करा, ‘ईनोमेम’ (मेमरी नाही, हा एरर) वर पाठवा आणि पुढच्याला पुन्हा प्रयत्न करू द्या. झेंड्याऐवजी पॉइंटरलाच झेंडा मानलं तर हे आपोआप साधतं: नल म्हणजे अजून नाही.

प्रश्न : स्टॅटिक व्हेरिएबलला ‘= ०’ लिहिलं की चेकपॅच (पॅच तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) ओरडतं. का?

स्टॅटिक व्हेरिएबल शून्यच असतात, भाषेचीच हमी आहे. पुसा आणि पुढे चला.

मात्र बूटच्या वेळी एकदा ठरून नंतर कधीच न बदलणारं व्हेरिएबल असेल, तर त्याला ‘आरओ_आफ्टर_इनिट’ची खूण लावा. २०१६ पासून, म्हणजे ४.६ आवृत्तीपासून, ती सोय आहे. इनिट संपलं की ती पानं केवळ वाचनाची होतात. नंतर चुकून, किंवा कोणी मुद्दाम, लिहायला गेलं तर तिथल्या तिथे फॉल्ट. साहजिकच पहिल्या वापराला भरायच्या पॉइंटरला ही खूण लावता येत नाही. इनिटमध्येच काम उरका, या माझ्या हट्टाला हे आणखी एक कारण.

प्रश्न : आमच्याकडे एआरएमचा बोर्ड नाही. इंटेलवर ही चूक पकडायची कशी?

केसीसॅन (एकाच मेमरीवरच्या शर्यती पकडणारं कर्नलचं साधन) चालू करून कर्नल बांधा. २०२० मध्ये ५.८ आवृत्तीत ते आलं. एखाद्या कोअरचं मेमरीला जाणं ते क्षणभर अडवून धरतं (साध्या कामात मूळ सेटिंगने ८० मायक्रोसेकंद) आणि तेवढ्यात दुसरं कोणी तिथे शिरतंय का ते बघतं. शिरलं तर दोघांचेही स्टॅक हातात देतं. बॅरिअर (क्रम राखणारी सूचना) विसरलाय का हे तपासायचा वीक मेमरीचा पर्यायही पुढे आला, तो चालू ठेवा.

रिपोर्ट आला की ‘डेटा_रेस’ मॅक्रो (ही शर्यत चालेल असं सांगणारा) गुंडाळून त्याला गप्प करायचा मोह होईल. तक्त्याच्या झेंड्यावर तो लावलेला दिसला, तर पॅच माझ्याकडे आल्याआल्या परत जाईल.