अकरावं वचन नंतर, आधी अख्खा अध्याय

प्रिय लेकरा,

तुझा मेसेज रात्री वाचला, सकाळी परत वाचला. "ताई, यिर्मया 29:11 वर्षभर धरून ठेवलं, रोज प्रार्थनेत मांडलं, तरी बदली झाली नाही, याच नको असलेल्या शहरात अडकलोय, मग देव खोटं बोलला की माझा विश्वास कमी पडला?" दोन्ही नाही. ते वचन म्हणतं की तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला आशा देणारे आहेत. पण तू ही एक ओळ वाचलीस आणि अध्याय वाचला नाहीस. धीर धर, प्रार्थना कर असलं मी लिहीत बसणार नाही, ते तुला माहितीये आणि तू ते करतोच आहेस. मला बोलायचंय ते तुझ्या वाचण्याबद्दल.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 29वा अध्याय म्हणजे मुळात एक पत्र आहे, यरुशलेमेतून बाबेलला गेलेलं. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाच्या यकन्या राजाला, त्याच्या आईला, दरबारातल्या लोकांना, कारागिरांना, लोहारांना उचलून नेलं, त्या पाडाव झालेल्या लोकांना ते लिहिलंय. पहिली तीन वचनं तू ओलांडून गेला असशील, नुसती नावं आहेत म्हणून. तीच नीट वाच. पत्र कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, कधी लिहिलं, कुणाच्या हाती पाठवलं, सगळं तिथे आहे. एलासा आणि गमऱ्या ही दोन माणसं, यकन्यानंतर यरुशलेमेत गादीवर असलेल्या सिद्कीया राजाने त्यांना बाबेलच्या राजाकडे पाठवलेलं, त्यांच्याच हाती हे पत्र गेलं. म्हणजे खरं पत्र, खरी माणसं, त्यांचं खरं संकट. आणि यिर्मयाने ते लिहिलं तेव्हा त्यातल्या कुठल्याही ओळीला 11 नंबर नव्हता. आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी 13व्या शतकातली, वचनांचे आकडे तर त्याच्याही नंतर रुळले. आकड्यामुळे ओळ सुटी उचलता येते, पण ती सुटी लिहिलेली नाही रे.

आता पाचव्या वचनापासून बघ. घरं बांधा आणि त्यात राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलं होऊ द्या, त्या मुलांचीही लग्नं लावा. बाग लावून फळ खायचं म्हणजे वर्षं गेली, आणि मुलांची लग्नं म्हणजे अख्खी पिढी गेली! मग सातवं वचन, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. कुठलं शहर? ज्याच्या सैन्याने त्यांना घरातून ओढून नेलं ते. हे ऐकताना त्या लोकांच्या पोटात काय झालं असेल याचा विचार केल्याशिवाय अकराव्याला हात लावू नकोस, मी हे परत परत सांगणार, तुला कंटाळा आला तरी सांगणार.

आणि एकटा 29 पण पुरत नाही, 28 जोडून वाच. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येणार, मंदिराची पात्रं येणार, राजा येणार, नेलेले लोक येणार, आणि बाबेलची गुलामी दाखवायला यिर्मयाने मानेवर घेतलेलं जू तो काढून मोडून टाकतो. लोकांना केवढं बरं वाटलं असेल! यिर्मया मात्र लिहितो सत्तर वर्षं. दहाव्या वचनात आधी सत्तर वर्षं आहेत आणि मग अकराव्यात "हिताचे संकल्प". त्या दिवशी जो माणूस तिशीत होता त्याला सरळ कळलं असणार की मी इथेच मरणार, माझी नातवंडं कदाचित जातील. देव खोटं बोलला नाही, इ.स.पू. 539 मध्ये बाबेल पारसाचा राजा कोरेश याच्या हाती पडलं आणि परत जायची वाट मोकळी झाली, एज्राच्या पुस्तकाच्या पहिल्याच वचनात यिर्मयाचं नाव घेऊन ते सांगितलंय. पण ते एका माणसाच्या बदलीचं वेळापत्रक नव्हतं, अख्ख्या लोकांना दिलेलं वचन होतं. तू वर्षभर तोंडाने अकरावं वचन म्हणत होतास आणि मनात वाट बघत होतास ती हनन्याच्या दोन वर्षांची. कडक वाटेल, पण हे तुला कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

मी हे इतक्या तळमळीने का सांगते ते पण ऐक. एक बाई माझ्याकडे अभ्यासाला यायला लागल्या, नवरा आजारपणात गेलेला. तो आजारी असताना कुणीतरी त्यांना हेच वचन तो बरा होणारच अशी खात्री म्हणून दिलं होतं. त्यांनी बायबल उघडून दाखवलं तर अकराव्या वचनाखाली लाल पेनाने रेघ, एकदा नाही, रेघेवर रेघ ओढून कागद पातळ झालेला, आणि बाकीचं पान कोरं, साधी खूण पण नाही. आम्ही पहिल्या वचनापासून मोठ्याने वाचत गेलो. दहाव्याला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, म्हणजे यातले बरेचसे तिथेच मेले? मी हो म्हटलं. त्या खूप वेळ रडल्या आणि मग म्हणाल्या, मला हे तेव्हा का नाही वाचून दाखवलं कुणी. त्यांनी पुढे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येणं सोडलं, अजून आलेल्या नाहीत. त्या मला उशिरा भेटल्या याची खंत मला आयुष्यभर राहणार आहे, आणि तेव्हापासून माझ्यासमोर कुणी एकच ओळ काढून दुसऱ्याच्या हातात ठेवायला लागलं की मी मध्ये बोलते, तिथे माझा आवाज चढतो आणि तो चढू द्यायचा असं मी ठरवलंय.

लोक म्हणतात ताई फार किस पाडतात, मनाला भिडलेलं वचन घ्यावं नि पुढे जावं. काहीजण अभ्यास सोडून गेले, तिथे एका संध्याकाळी गाणी, प्रार्थना आणि वचन सगळं उरकतं म्हणून दुसरीकडे बसायला लागले. जाऊ देत. मी माझी पद्धत बदलली नाही आणि बदलणार नाही. वचन मनाला भिडतं हे मला मान्यच आहे, अकरावं मलाही भिडतं, पण सत्तर वर्षांचं ओझं सोसून आलेलं ते वचन आहे म्हणून भिडतं. ओझं काढून टाकलंस तर फक्त गोड बोलणं उरतं आणि तुझ्यासारखा प्रामाणिक मुलगा वर्षभराने स्वतःलाच दोष देत बसतो. मला चीड येते ती याची!

बरं, अकराव्याच्या पुढे किती वचनं आहेत माहितीये? एकवीस. त्यात यरुशलेमेत मागे राहिलेल्यांची गत खाण्यालायक नसलेल्या नासक्या अंजिरांसारखी होईल असं आहे, म्हणजे जे घरी राहिले, ज्यांचा तुला हेवा वाटला असता, त्यांच्यावर तलवार, दुष्काळ आणि मरी. त्यात खोटं बोलणारे दोन संदेष्टे आहेत, त्यांना बाबेलच्या राजाने अग्नीत भाजलं. आणि शेवटी शमाया. हा पाडाव झालेल्यांतलाच, बाबेलमधून यरुशलेमेला उलट पत्र पाठवतो, तिथल्या याजक सफन्याला विचारतो की या यिर्मयाला तू खोड्यात का घातलं नाहीस, तो आम्हाला लिहितो की दिवस लांबणार, घरं बांधा, बागा लावा. बघ, पाचवं वचन शब्दशः तक्रार म्हणून परत आलंय. ज्या ओळीने त्या लोकांना जगायला शिकवलं असतं त्याच ओळीचा त्याला संताप आला. शमाया दुष्टच होता म्हणून हातावेगळं करू नकोस, त्याला घरी जायचं होतं, तुला जायचंय तसंच.

दानीएलही असाच पाडाव होऊन नेलेला, त्याने यिर्मयाची ही सत्तर वर्षं बाबेलमध्ये बसून वाचली, दानीएल 9 काढून बघ. वाचून त्याने स्वतःसाठी तारीख मागितली नाही, उपास केला आणि आपल्या सगळ्या लोकांच्या पापांची कबुली दिली. तो यरुशलेमेला परत गेला असं शास्त्रात कुठेही नाही.

म्हणून आता असं कर. 28 आणि 29 एका बैठकीत मोठ्याने वाच, फोन बाजूला ठेवून, कुठेही रेघ न मारता. मग दुसऱ्या दिवशी परत वाच आणि वहीत लिही की कोण बोलतोय, कुणाशी, आणि ऐकणाऱ्याला त्या क्षणी काय नको होतं. तुला जी वचनं आवडली नाहीत ती पण लिही, ती सगळ्यात आधी लिही. धडा काय शिकलो हे इतक्यात लिहायचं नाही. लोक पहिल्या पाच मिनिटांत धडा काढतात आणि मग अध्यायाला त्या धड्यात कोंबतात, तसं तू करायचं नाहीस. ऑफिसच्या गडबडीत वेळ मिळत नाही हे मला सांगू नकोस, अकरावं वचन स्टेटसला लावायला वेळ मिळाला होता.

आणि एक विचारायचं राहिलं. त्या शहरात तू इतके दिवस राहतोयस, तुझ्या पूर्ण मेसेजमध्ये तिथल्या एकाही माणसाचा उल्लेख नाही. शेजारी कोण राहतं? मंडळीत कुणाला ओळखतोस? सातवं वचन वाचल्यावर याचं उत्तर मला वेगळं पाठव, बदलीच्या अर्जाचं आपण त्यानंतर बोलू.

तुझी,
ताई